सुदत्त श्रेष्ठी ऊर्फ अनाथपिंडिक : कमावणारा आणि देणारा उपासक

पाली सुत्ते वाचायला घेतली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. सुत्ताच्या सुरुवातीला तथागत त्या वेळी कोठे राहात होते ते सांगितलेले असते, आणि पुष्कळ वेळा ते ठिकाण एकच असते. श्रावस्ती नगर, जेतवन, अनाथपिंडिकाचा आराम. इथे आराम म्हणजे बाग, संघाच्या निवासाची जागा. आपण दुपारी जेवून करतो तो आराम नव्हे.

आता जरा विचार करा. बुद्धाच्या उपदेशाबरोबर ज्याचे नाव सतत येते तो कोणी राजा नाही, सेनापती नाही, मोठा पंडितही नाही. तो एक व्यापारी आहे. गाड्या भरून माल नेणारा, व्याजबट्टा करणारा, बायकामुलांचा प्रपंच सांभाळणारा माणूस. श्रीलंकेत, ब्रह्मदेशात, थायलंडमध्ये जिथे जिथे भिक्खू सुत्तपठण करतात तिथे तिथे या व्यापाऱ्याचे नाव घेतले जाते.

हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. आपल्या वस्तीत धंद्याचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, धंदा हे आपल्या लोकांचे काम नव्हे, नोकरी बघा. दुसरा जास्त शिकलेला असतो. तो म्हणतो, बौद्ध माणसाने तृष्णा सोडायची असते, मग त्याने पैशाच्या मागे कशाला लागायचे ? पहिल्याचे म्हणणे गिरण्या बंद पडल्या तेव्हाच निकालात निघाले. १९८२ च्या संपानंतर किती घरांतल्या बायकांनी पोळीभाजीचे डबे केले, किती पोरांनी फळांची गाडी लावली, ते गिरणगावाला सांगायला नको. दुसऱ्याचे म्हणणे मात्र विचार करण्यासारखे आहे. कारण नेमका हाच प्रश्न सुदत्त श्रेष्ठीने खुद्द तथागतांना विचारला होता.

प्रथम साधनांबद्दल दोन शब्द. सुदत्ताची माहिती दोन थरांत मिळते. विनयपिटकातील चुल्लवग्ग, मज्झिमनिकाय आणि अंगुत्तरनिकाय हा जुना थर. जातककथा आणि धम्मपदावरील अट्ठकथा हा पुष्कळ नंतरचा थर. आजच्या रूपातल्या अट्ठकथा इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपास श्रीलंकेत लिहिल्या गेल्या. जुन्यात माणूस जास्त दिसतो, नव्यात आकडे आणि देवता जास्त दिसतात. चमत्काराचा भाग मी सोडून दिला आहे. बाबासाहेबांनी आपल्याला ग्रंथ वाचायची जी रीत शिकवली ती हीच.

श्रावस्ती ही कोसल देशाची राजधानी, अचिरावती म्हणजे आजच्या राप्ती नदीच्या काठी. राजा प्रसेनजित. मोठे व्यापारी रस्ते तिथे येऊन मिळत. आपल्या पैठणहून म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानहून महिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत असे करीत श्रावस्तीला जाणाऱ्या वाटेचे वर्णन सुत्तनिपातात आले आहे. म्हणजे गोदावरीकाठच्या माणसाला श्रावस्ती परकी नव्हती. अशा नगरात सुदत्ताची पेढी होती. अनाथांना पिंड म्हणजे अन्न देणारा म्हणून लोक त्याला अनाथपिंडिक म्हणू लागले. हे लोकांनी दिलेले नाव. आईबापांनी ठेवलेले नाव सुदत्त.

राजगृहाच्या श्रेष्ठीची बहीण सुदत्ताला दिलेली होती. धंद्याच्या कामाने तो राजगृहाला जाई तेव्हा मेहुण्याकडेच उतरे. एकदा तो गेला तर मेहुणा नेहमीसारखा पुढे आला नाही. नोकरांना हुकूम सोडण्यात गढून गेला होता. उद्या पहाटे उठा, भात शिजवा, भाज्या करा ! सुदत्ताला वाटले, घरात लग्न आहे किंवा राजा बिंबिसार लवाजम्यासह जेवायला येणार आहे. मेहुण्याने सांगितले की बुद्ध आणि संघ उद्या भोजनाला येणार आहेत. ‘बुद्ध’ हा शब्द ऐकून सुदत्ताने तीन वेळा पुन्हा विचारले, खरेच बुद्ध म्हणालास का ?

रात्री त्याला झोप लागली नाही. तीन वेळा उठला, पहाट झाली असे वाटून. शेवटी अंधारातच नगराबाहेर पडला. तथागत त्या वेळी सीतवनात होते. हे वन स्मशानाजवळचे. वाटेत त्याला भीती वाटली, अंगावर काटा आला, परत फिरावेसे वाटले. ग्रंथात इथे एक यक्ष येऊन त्याला धीर देतो. आपण समजू या की त्याच्याच मनाने त्याला धीर दिला. तथागत पहाटे उघड्यावर चंक्रमण करीत होते. त्यांनी त्याला सुदत्त या मूळ नावाने हाक मारली. जग ज्याला अनाथपिंडिक म्हणून ओळखत होते त्याला त्याच्या घरच्या नावाने !

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अनाथपिंडिकाच्या धम्मदीक्षेचे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. वर म्हटलेला प्रश्न तिथे येतो. मला निर्वाणाचे सुख हवे असेल तर घरदार, संपत्ती, व्यवसाय टाकून तुमच्यासारखे अनिकेत व्हावे लागेल काय, असे सुदत्त विचारतो. तथागतांच्या उत्तराचा आशय असा की माणसाला संपत्ती गुलाम करीत नाही, संपत्तीची आसक्ती गुलाम करते. ज्याच्याकडे संपत्ती आहे आणि जो ती योग्य रीतीने वापरतो तो माणसांना उपकारक ठरतो. व्यवसाय करीत राहा आणि नेकीने कर. हे प्रकरण वर्षावासात आपल्या विहारात दरवर्षी वाचले जाते. वाचणारा पुढच्या पानावर जातो आणि आपणही जातो. तिथे थोडे थांबायला हवे.

नेकीचा धंदा कोणता, हेही तथागतांनी मोघम ठेवलेले नाही. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा असे पाच व्यापार उपासकाने करू नयेत असे अंगुत्तरनिकायात आहे. यातला प्राण्यांचा व्यापार म्हणजे माणसांची खरेदी-विक्री, असा खुलासा अट्ठकथेने केला आहे. दारूच्या धंद्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. ज्याने त्याने आपल्या गल्लीकडे बघावे.

दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचे आमंत्रण सुदत्ताने दिले. परगावी असल्यामुळे मेहुणा म्हणाला, खर्च मी देतो. नगराचा मुख्य म्हणाला, मी देतो. बिंबिसार राजाही म्हणाला. सुदत्ताने तिघांनाही नको म्हटले. खर्चाची सोय माझ्याजवळ आहे, एवढेच त्याचे उत्तर. मग त्याने वर्षावासासाठी श्रावस्तीला येण्याची विनंती केली. तथागतांना एकांत लागतो ही खूण त्याने ओळखली आणि परतीच्या वाटेवर गावोगावच्या ओळखीच्या लोकांना तो सांगत गेला की विहार बांधा, दानाची तयारी ठेवा, बुद्ध या वाटेने येणार आहेत. व्यापारी माणसाच्या ओळखी रस्त्याने पसरलेल्या असतात. त्या त्याने धम्माच्या कामी लावल्या.

आता जेतवनाची हकीकत. ती आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे, पण आपण ती अर्धीच सांगतो. सुदत्त जागा शोधू लागला. नगरापासून फार दूर नको, फार जवळही नको. लोकांना जायला-यायला सोयीची, दिवसा गर्दी नसलेली आणि रात्री शांत अशी जागा हवी. अशी एकच जागा सापडली. जेत राजकुमाराची बाग. राजपुत्र म्हणाला, जमिनीवर कोटी मोहरा अंथरल्या तरी मी ती देणार नाही. सुदत्त लगेच म्हणाला, घेतली ! राजपुत्र म्हणाला, मी विकलेली नाही. वाद न्यायाधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी निकाल दिला की राजपुत्रा, तू किंमत बोललास, म्हणजे सौदा झाला.

गोष्टीत आपण नाणी अंथरल्याचे चित्र रंगवतो आणि हा निकाल विसरतो. एका बाजूला राजघराण्यातला माणूस, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि न्यायाधिकारी व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल देतात. शब्दाला किंमत असलेला तो काळ होता, निदान विनयपिटकाच्या लेखकांना तसे वाटत होते. आज कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला ही गोष्ट वाचून हसू येईल.

मग गाड्यांतून नाणी आली आणि जमिनीवर अंथरली गेली. दरवाजाजवळचा थोडा तुकडा उरला. सुदत्ताने आणखी नाणी आणायला माणसे पाठवली. हे पाहून जेत राजपुत्राच्या मनात आले, हा माणूस इतके द्रव्य देतो आहे त्या अर्थी हे काम साधे नाही. तो म्हणाला, एवढी जागा राहू दे, ते माझे दान. त्या जागेवर त्याने प्रवेशद्वार बांधले. म्हणून जेतवन आणि अनाथपिंडिकाचा आराम अशी दोन्ही नावे एकत्र घेतली जातात. सुदत्ताने ‘पैसा माझा, नाव माझे’ असा आग्रह धरलेला दिसत नाही. आपल्याकडे पंख्याला तीन पाती असतात आणि तिन्ही पात्यांवर दात्याचे नाव असते !

ही निव्वळ कथा आहे काय ? मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहूत येथे एक स्तूप होता. इंग्रज अधिकारी कनिंगहॅम याला तो १८७३ साली सापडला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या त्याच्या कठड्यावर एक गोल शिल्प आहे. ते आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. बैल सोडून ठेवलेली गाडी, जमिनीवर चौकोनी नाणी मांडणारी माणसे, बाजूला झाडे, मध्ये दानाचे पाणी सोडण्यासाठी झारी घेतलेला सुदत्त. खाली ब्राह्मी लिपीत लिहिले आहे की कोटी अंथरून विकत घेतलेले जेतवन अनाथपिंडिक देत आहे. त्या काळची चांदीची आहत नाणी खरोखरच चौकोनी असत. म्हणजे बुद्धानंतर काही शतकांतच ही हकीकत लोकांच्या इतकी ओळखीची होती की कारागिराने ती दगडात कोरली. अठरा कोटी जमिनीला, अठरा बांधकामाला, अठरा उद्घाटनाला असे चोपन्न कोटी खर्च झाल्याचे जातकाच्या प्रस्तावनेत आहे. हा आकडा हिशेबाच्या वहीतला समजू नये. पण व्यवहार झाला असणार, असे मानायला भरहूतचे शिल्प आधार देते.

जागेचाही पत्ता लागलेला आहे. उत्तर प्रदेशातील साहेत-महेत ही दोन उजाड ठिकाणे म्हणजेच जेतवन आणि श्रावस्ती, असे कनिंगहॅमने १८६३ मध्ये सांगितले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या उत्खननात साहेतला कनोजचा राजा गोविंदचंद्र याचा बाराव्या शतकातला ताम्रपट मिळाला. त्यात जेतवन महाविहारातील संघाला गावे दान दिल्याची नोंद आहे. त्यामुळे शंका उरली नाही. मधल्या काळात, सातव्या शतकात, चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग आला तेव्हा जेतवन ओसाड होते. म्हणजे विहार मोडला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा मोडला.

सुदत्ताने तिथे काय काय बांधले याची यादी चुल्लवग्गात आहे आणि मला ती नाण्यांच्या गोष्टीपेक्षाही जास्त आवडते. राहण्याच्या खोल्या, सभेची शाळा, अग्निशाळा, साठवणीची खोली, शौचकूप, चंक्रमणाच्या जागा, विहिरी, विहिरीवरच्या पडव्या, स्नानगृहे, तळी, मांडव. बघा, मूर्ती नाही, कळस नाही. संडास आहे, विहीर आहे. चाळीत राहिलेल्या माणसाला या यादीचे मोल कळेल. आणि हे सर्व कोणाच्या नावे केले ? तथागतांनी सांगितल्याप्रमाणे चारही दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या संघाच्या नावे. दात्याचा हक्क तिथेच संपला. परंपरा सांगते की तथागतांनी जेतवनात एकोणीस वर्षावास केले.

व्यापाऱ्यांनी धम्मासाठी बांधकाम करण्याची ही वाट पुढे आपल्या सह्याद्रीपर्यंत आली. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पुरे केले असा लेख तिथेच कोरलेला आहे. कान्हेरीचे मोठे चैत्य गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी करविले. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींची दाने आहेत. नाशिकच्या लेण्यांत तर एक अजब लेख आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब बरोबर जुळतो, मी करून पाहिला.

विणकरांवर एवढा विश्वास होता त्या काळी ! आणि आपल्याच मुंबईत विसाव्या शतकात गिरणीच्या साचेखात्यात आपल्या माणसाला उभे करीत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला होता. असो. विषय सुदत्ताचा आहे.

सुदत्ताचे दिवस नेहमी चांगले राहिले नाहीत. जातककथा सांगते की त्याने व्यापाऱ्यांना अठरा कोटी कर्जाऊ दिले होते, ते परत आले नाहीत. नदीकाठी पुरून ठेवलेले अठरा कोटींचे धन पुरात वाहून गेले. पुन्हा आकडा तोच आहे हे लक्षात येईल. परंतु धंदा बसला ही गोष्ट खरी असावी, कारण अंगुत्तरनिकायासारख्या जुन्या ग्रंथातही तिची खूण आहे. तथागत त्याला विचारतात, गृहपती, तुझ्या घरी दान दिले जाते काय ? तो सांगतो, दिले जाते, पण कण्यांचा भात आणि आंबट पेज. आपल्या आयाबायांनी कण्या शिजवूनच मुले वाढवली, त्यामुळे हा भाग मला समजावून घ्यावा लागला नाही. तथागतांनी त्याला दिलेल्या उत्तराचा भावार्थ असा, की अन्न साधे आहे की उंची, याला महत्त्व नाही. ते आदराने, आपल्या हाताने दिले की तुच्छतेने टाकले, यावर सर्व आहे.

जातकात याच काळातली एक देवता त्याला सल्ला देते की भिक्खूंना देणे बंद कर, धंदा सांभाळ. तो तिला घराबाहेर काढतो. देवता बाजूला ठेवली तरी असा सल्ला देणारे कोणीतरी घरात असतेच. पण बिघडलेल्या दिवसात त्याने दान थांबवले नाही, प्रमाण कमी केले. बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितले ते याच हिशेबाने. शंभरात पाच. जास्त मिळाले तर जास्त, कमी मिळाले तर कमी.

त्याचा एक बालमित्र होता. दोघे मातीत खेळले, एकाच गुरूकडे शिकले. मित्राचे नाव काळकण्णी, म्हणजे अवलक्षणी, दळभद्री. पुढे मित्राची परिस्थिती बिघडली आणि तो सुदत्ताकडे आला. सुदत्ताने त्याला आपल्या घरचा कारभार दिला. आता घरात दिवसभर ‘काळकण्णी, बस’, ‘काळकण्णी, जेव’ अशा हाका सुरू झाल्या. नातेवाईक, शेजारी कुरकुरू लागले. असल्या नावाचा माणूस घरात कशाला ? अपशकुन होईल. सुदत्ताचे म्हणणे असे की नाव हे ओळखण्यापुरते असते, शहाण्याने नावावरून माणूस मोजू नये. नावासाठी मी बालमित्र टाकणार नाही. पुढे सुदत्त आपल्या गावच्या मिळकतीकडे गेला असता चोरांनी घराला वेढा घातला. काळकण्णी जागा होता. त्याने एकाला शंख फुंकायला लावले, दुसऱ्याला नगारा वाजवायला लावले, सगळे घर गजबजवून सोडले. धनी घरीच आहे असे समजून चोर दगड-सोटे टाकून पळाले.

ही कथा वाचताना माझ्या डोळ्यापुढे आमच्या आजे-पणजांची नावे येतात. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिका. दृष्ट लागू नये म्हणून, मूल जगावे म्हणूनही अशी नावे ठेवीत हे खरे. पण शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे ठेवावे हा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला नियम आहे, तोही खराच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले त्यात हा नियम होता. आणि इकडे धम्मग्रंथात एक श्रीमंत माणूस काळकण्णी नावाच्या मित्राच्या हाती घराच्या किल्ल्या देतो.

परंतु सुदत्ताच्या घरात सर्वच ठीक होते असे दाखवणे बरोबर होणार नाही. त्याच्या घरी दासी होत्या. पूर्णा ही त्यांच्यापैकी एक. दासीच्या पोटी जन्मलेली. कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरायला जाणे हे तिचे काम. धन्याच्या माराच्या आणि शिव्यांच्या भीतीने आपण पाण्यात उतरतो, असे तीच थेरीगाथेत सांगते. तिथे एक ब्राह्मण थंडीने कुडकुडत स्नान करीत होता. मी मार खाईन म्हणून पाण्यात उतरते, तू कशाच्या भीतीने उतरतोस, असे तिने त्याला विचारले. तो म्हणाला, पाप धुण्यासाठी. पूर्णाने त्याला विचारले, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासव, मगर हे सगळे स्वर्गात जाणार काय ? पाण्याने पाप जाते तसे पुण्यही धुऊन जाईल, मग तुझ्याजवळ राहील काय ? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि त्याने धम्म स्वीकारला. सुदत्ताला हे कळल्यावर त्याने तिला दास्यातून मुक्त केले, आणि ती संघात जाऊन थेरी झाली, असे अट्ठकथा सांगते.

सुदत्ताचे मोठेपण मान्य करूनही मी म्हणेन की पूर्णाला मुक्त व्हायला इतकी हुशारी दाखवावी लागली, आणि बाकीच्या तशाच राहिल्या. जेतवन विकत घेणाऱ्याला हे सुचू नये याचे वाईट वाटते. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की संपत्ती कशी वापरावी हे तथागतांनी सुदत्तालाच सांगितले, तेव्हा आईबाप आणि बायकामुलांच्या बरोबरीने दास, कामगार आणि नोकर यांना सुखात ठेवणे हा पहिला उपयोग सांगितला आहे. मित्र, संकटकाळची तरतूद, पाहुणे, राजाचा कर, श्रमणांना दान हे सर्व त्यानंतर येते. आणि ही संपत्ती कशी हवी ? स्वतःच्या कष्टाने, बाहुबलाने, घाम गाळून, सन्मार्गाने मिळवलेली. घामाचा उल्लेख मूळ पालीत आहे, माझ्या पदरचा नाही.

सुदत्ताला सांगितलेली गृहस्थाची चार सुखेही अशीच साधी आहेत. आपल्याजवळ काही असण्याचे सुख, ते भोगण्याचे आणि देण्याचे सुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख, आणि निर्दोष वागण्याचे सुख. तिसऱ्या सुखाला पालीत ‘अनणसुख’ म्हणतात. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार ज्यांच्या घरच्यांनी पाहिला, त्यांना या सुखाची व्याख्या लागत नाही.

घरची माणसे म्हणाल तर चारचौघांच्या घरासारखीच. मुलगा काळ हा विहाराकडे फिरकत नसे. बापाने युक्ती केली. उपोसथ पाळून विहारात राहिलास तर शंभर कार्षापण देईन म्हणाला. पोरगा गेला, एका कोपऱ्यात झोपून आला आणि न्याहारीच्या आधी पैसे मागितले ! दुसऱ्या दिवशी बाप म्हणाला, तथागतांकडून एक पद शिकून ये, हजार देतो. शिकता शिकता अर्थ कळू लागला आणि मुलगा तिथेच रमला. मग बापाने सर्वांसमोर हजार कार्षापण पुढे केले तेव्हा काळ लाजून म्हणाला, नकोत. एक भाचाही होता. त्याने वारशाचे सर्व धन दारूत घालवले. मामाने पुन्हा पुन्हा भांडवल दिले, तेही गेले. शेवटी मामाने हात आखडता घेतला आणि भाचा निराधार होऊन मेला. मदतीलाही शेवट असतो, हे लिहिणाऱ्यांनी लपवलेले नाही.

मोठ्या घरची सून सुजाता. ती विशाखेची धाकटी बहीण. सासू-सासऱ्यांशी तिचे पटेना. घरातला आरडाओरडा तथागतांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी तिला बोलावून सात प्रकारच्या पत्नी सांगितल्या. आपण दासीसारखी पत्नी होऊ, असे सुजाता म्हणाली. आजच्या आपल्या मुलींना हे उत्तर पटणार नाही, आणि हिंदू कोड बिलासाठी मंत्रीपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून मलाही पटत नाही. सात प्रकारांत मैत्रिणीसारखी पत्नीही होती. तिने ती निवडायला हवी होती. धाकटी मुलगी सुमना लग्नाआधीच वारली. एवढा धम्म ऐकलेला सुदत्त रडत रडत तथागतांकडे गेला. बाप होता तो.

आता शेवटची हकीकत, मज्झिमनिकायातली. सुदत्त आजारी पडला, उठवेना. त्याने निरोप पाठवून तथागतांना वंदन कळवले आणि सारिपुत्त थेरांना घरी येण्याची विनंती केली. सारिपुत्त आणि आनंद दोघे आले. दुखणे कमी आहे का विचारले. वाढतेच आहे, डोके कोणी पट्ट्याने आवळावे तसे दुखते आहे, असे त्याने सांगितले. सारिपुत्तांनी त्याला अनासक्तीचा उपदेश केला. डोळा, कान, रूप, शब्द, वेदना, विज्ञान यांपैकी कशालाही चिकटून राहू नकोस, असा तो सूक्ष्म, खोल उपदेश होता. तो ऐकता ऐकता सुदत्ताच्या डोळ्यांतून पाणी आले. आनंदाने विचारले, गृहपती, तुझा धीर सुटतो आहे काय ? तो म्हणाला, भन्ते, धीर सुटत नाही. मी इतकी वर्षे तथागतांची आणि संघाची सेवा केली, पण असा उपदेश माझ्या कानावर कधी आला नव्हता.

सारिपुत्त म्हणाले की असा उपदेश पांढरी वस्त्रे नेसणाऱ्या गृहस्थांना केला जात नाही, तो प्रव्रजितांना केला जातो.

विहिरी बांधणारा, चीवर पुरवणारा, कण्या असतील तर कण्या वाढणारा हा माणूस. आणि आयुष्याच्या शेवटच्या दिवशी त्याला कळते की ज्ञानाचा एक भाग आपल्यापासून दूर होता. इतर धर्मांत अशा वेळी माणूस हात जोडून गप्प बसला असता, कारण ऐकले तर कानात शिसे ओतण्याची भाषा होती. सुदत्त गप्प बसला नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने आयुष्यातली शेवटची मागणी केली. भन्ते सारिपुत्त, पांढऱ्या वस्त्रांतल्या गृहस्थांनाही असा उपदेश होऊ द्या. ज्यांच्या डोळ्यांत धूळ थोडीच आहे असेही लोक त्यांच्यात आहेत. ऐकायला न मिळाल्यामुळे त्यांचे नुकसान होते आहे. ऐकले तर ते समजतील.

सारिपुत्तांनी यावर काय उत्तर दिले ते सुत्तात दिलेले नाही. दोघे थेर उठून गेले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात सुदत्त श्रेष्ठी वारला.